अर्धशिशीवर रोजची गोळी: लागू पडतेय की नाही, हे ठरवायचं कसं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाचं काम बघते. डोकं कॉलेजात असल्यापासून दुखतं, पण तेव्हा महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी. आता महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस ते या ना त्या प्रकारे दुखतच असतं. त्यातले बरेच दिवस पक्के अर्धशिशीचे. डाव्या डोळ्यामागे ठणका, मळमळ, उजेड नको, कुणी बोललेलं नको. हळदीचा हंगाम असला की विचारूच नका. सौद्याला पोती उघडली की तो वास आणि ती धूळ दिवसभर डोक्यात बसते.

घरचे "तिला पित्ताचा त्रास आहे" म्हणून मोकळे. मेडिकलमधून गोळी आणायची, खायची, कामाला लागायचं. असं करत करत गोळी जवळजवळ रोजची झाली. शेवटी नवऱ्याने मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे आता 'क्रॉनिक' झालंय. दुखल्यावर घ्यायची गोळी यापुढे आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस. आणि टोपिरामेट नावाची दुसरी गोळी रोज रात्री, दुखो न दुखो. २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर आठवड्याला वाढवत १०० पर्यंत न्यायची. सोबत एक छापील कागद दिलाय, त्यावर रोजचं डोकं लिहायचं.

घरी आल्यावर मेडिकलवाल्याने सांगितलं की ही फिटची गोळी आहे. सासूबाईंनी तेवढंच ऐकलं. आता त्यांचं म्हणणं, फिट येत नसताना फिटची गोळी खाल्ली तर फिट येईल.

विचारायचं एवढंच, की डोकं दुखत नाही त्या दिवशीही गोळी कशाला? किती दिवस घेऊन बघायची? आणि लागू पडतेय हे ओळखायचं कशावरून? ज्यांनी अशी रोजची गोळी घेऊन बघितली आहे त्यांनी लिहा, गुण आला असो वा नसो. घरगुती उपाय सुचवू नयेत ही नम्र विनंती. सगळे करून झालेत, जिलेबीसकट.

भडंगप्रेमी

जिलेबी किती घेतलीत ते लिहा. मात्रा महत्त्वाची असते. (ह. घ्या.)

कृष्णाकाठ

सूर्योदयाआधी, गरम दुधात, ओळीने कितीतरी दिवस. फरक पडला, पण तो वजनात.

वेखंड

विनंती वाचली, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मूळ पित्तात आहे. उलटी झाली की डोकं उतरतं की नाही, ते बघा. ९० टक्के लोकांचं उतरतं. मग दोष पोटातला की मेंदूतला? सकाळी सुंठ उगाळून कपाळाला लेप, रात्री पादाभ्यंग (तळपायांना तेल चोळणं), आंबट-तिखट बंद. आमच्या आजीने तासगावात अख्ख्या गल्लीची डोकी यावर बरी केली. रोज रात्री मेंदूवर काम करणारी गोळी खाणं मला तरी पटत नाही.

उंटावरचा

९० टक्के हा आकडा कुठल्या गल्लीतला?

मिरज_जंक्शन

मी डॉक्टर आहे, पण मेंदूवाला नाही, साधा फिजिशियन. तेव्हा इथे लिहितोय ते माहिती म्हणून घ्या. औषधात बदल करायचा तो तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

आधी पित्ताचं. मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग आहे. झटक्यात जठराचं काम मंदावतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही, म्हणून आंबट-कडू वर येतं. (गोळीसुद्धा पोटातच पडून राहते, उशिरा घेतली की चालत नाही त्याचं हे एक कारण.) बऱ्याच जणांचा झटका उलटीनंतर ओसरतो हे वेखंड यांचं निरीक्षण खरं आहे. पण त्यावरून पित्तामुळे डोकं दुखतं असं ठरत नाही. गोडाची ओढ, जांभया, चिडचिड या गोष्टीही कित्येकांना दुखणं सुरू होण्याच्या काही तास आधी होतात. झटका तेव्हाच सुरू झालेला असतो. लोक म्हणतात, चॉकलेट खाल्लं म्हणून दुखलं. कधीकधी दुखणार होतं म्हणून चॉकलेट खावंसं वाटलेलं असतं.

'क्रॉनिक' म्हणजे नुसतं जुनाट नव्हे, त्याला माप आहे. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीच्या धाटणीचे, आणि असं तीन महिन्यांहून जास्त काळ. ताईंचं वर्णन त्यात बसतं.

दुखत नसताना गोळी कशाला? रक्तदाबाची गोळी तुम्ही चक्कर येईल त्याच दिवशी घेत नाही, तसंच. ही गोळी आलेला झटका थांबवत नाही. झटका यायला जी पायरी ओलांडावी लागते ती उंच करते. त्याला वेळ लागतो. पूर्ण मात्रेवर आल्यानंतर किमान आठ आठवडे द्यायचे आणि मग ठरवायचं. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारे माझ्याकडे रोज येतात.

फिटची गोळी हे खरं आहे. तिने फिट येत नाही, थांबते. अर्धशिशी टाळण्यासाठी अमेरिकेत तिला २००४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र एकदम बंद करू नका, कमी करत आणायची असते. सासूबाईंना हवं तर माझा प्रतिसाद वाचून दाखवा.

कृष्णाकाठ

वाचून दाखवला. म्हणाल्या, "तो डॉक्टर आहे कशावरून?"

मिरज_जंक्शन

रास्त प्रश्न. माझं अक्षर दाखवता आलं असतं तर पटलं असतं.

अजिंक्यतारा

मी सातारचा. माझी रोजची गोळी प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे मूळची हृदयाची. ती जेम्स ब्लॅक यांनी शोधली, त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. छातीत दुखणाऱ्या रुग्णांना देताना लक्षात आलं की त्यातल्या काहींची अर्धशिशीही थांबली. साठच्या दशकातली गोष्ट. तिथून ती आमच्यापर्यंत पोचली.

पहिला महिना शून्य. बायको म्हणाली सोडा. दुसऱ्या महिन्यात एका रविवारी जाणवलं की आठवडाभर खिशातली पट्टी काढलीच नाही. फरक कळतो तो असा, कमतरतेवरून. त्याबदल्यात काय? सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना धाप लागते, नाडी वाढतच नाही. हातपाय गार पडतात. स्वप्नं भलतीच रंगीत पडतात, पण त्याबद्दल तक्रार नाही.

दमा असणाऱ्यांनी ही घेऊ नये. माझ्या चुलतभावाला त्याच कारणाने दिली नाही.

पानाआड

मी कराडची. मला अॅमिट्रिप्टिलीन दिली होती, मूळची नैराश्याची, रात्री १० मिलिग्रॅम. झोप इतकी छान की सकाळी नऊपर्यंत मी कुणाची कोण ते आठवायचं नाही. तोंडाला कोरड, भूक वाढलेली. डोकं मात्र खरंच निम्म्यावर आलं. त्याआधी फ्लुनारिझिन होती, तिने वजनही वाढलं आणि मन इतकं उदास झालं की काही सुचेना. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी लगेच बंद केली. तर मूड बदलला तर तो आपला स्वभाव समजून गप्प बसू नका, सांगा.

ताई, तुमची गोळी वजन वाढवत नाही, उलट घटवते असं ऐकलंय. मला हेवा वाटतोय.

गोटीसोडा

टोपिरामेटवाला हजर आहे!

१) बोटांच्या टोकांना आणि ओठांना मुंग्या येतात. घाबरू नका.
२) सोडा, कोल्ड्रिंक सगळं पचपचीत लागतं. माझं सदस्यनाम बघा आणि माझं दुःख समजून घ्या. गोटी सोड्याची बाटली फोडली आणि आत नुसतं पाणी! सोडावाल्याशी भांडलो. नंतर कळलं की हा गोळीचाच गुण, जिभेवर वायूची चव लागते ती वाट ती बंद करते.
३) पाणी भरपूर प्या, मुतखड्याची शक्यता वाढते. घामही कमी येऊ शकतो, सांगलीच्या मे महिन्यात ते महागात पडतं.
४) शब्द सापडत नाहीत. "ते हे आण रे, त्यातलं ते" असं बोलायला लागतो माणूस. मी शाळेत शिकवतो. एकदा फळ्यासमोर 'काटकोन' आठवेना. मुलांनी सांगितला.

गुण आला का? आला. पण चौथ्या मुद्द्यामुळे ७५ च्या वर मी गेलोच नाही.

मिरज_जंक्शन

गोटीसोडा यांनी चांगलं लिहिलंय. त्यात दोन गोष्टी जोडतो. अचानक डोळा दुखून धूसर दिसू लागलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, क्वचित डोळ्याचा दाब वाढतो. आणि मूल होण्याची शक्यता असलेल्या बाईने ही गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांशी ते बोललंच पाहिजे, गर्भात ओठ-टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो. व्हॅलप्रोएट या दुसऱ्या फिटच्या गोळीचं तर त्याहून वाईट. आपल्याकडे तपासणीच्या खोलीत सासू, नवरा, दीर सगळे उभे असतात आणि हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

कृष्णाकाठ

विचारला होता त्यांनी, सगळ्यांना बाहेर काढून. आमची दोन पुरेत. :)

उंटावरचा

एक शंका. हृदयाची गोळी, फिटची गोळी, नैराश्याची गोळी, रक्तदाबाची गोळी. अर्धशिशीची स्वतःची गोळी कुठाय? सगळं उसनवारीवरच चाललंय की काय?

संख्यारेषा

आहे की. मी संख्याशास्त्र शिकवते, औषधातलं फार कळत नाही, पण चाचण्यांचे आकडे वाचायला आवडतात.

झटक्याच्या वेळी सीजीआरपी नावाचं एक प्रथिन मेंदूच्या आवरणाजवळच्या मज्जातंतूंतून बाहेर पडतं. ते कळायला ऐंशीचं दशक उजाडलं. त्या कामासाठी २०२१ चा ब्रेन प्राइझ (मेंदूसंशोधनाचा पुरस्कार) चौघांना मिळाला: एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसेन. हे सीजीआरपी जिथे जाऊन बसतं ती जागा अडवणाऱ्या गोळ्या आता आल्या आहेत. त्यातली अॅटोजेपंट ही रोज घ्यायची. मुळात अर्धशिशीसाठीच बनवलेली, म्हणजे उसनवारी नाही.

क्रॉनिक रुग्णांवर तिची जी मोठी चाचणी झाली ती २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. ७७८ लोक, तीन गट, १२ आठवडे. एका गटाला ३० मिलिग्रॅम दोनदा, दुसऱ्याला ६० मिलिग्रॅम एकदा, तिसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली, म्हणजे पोकळ गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. सुरुवातीला सगळ्यांचे महिन्याला साधारण १९ दिवस अर्धशिशीचे. शेवटी पहिल्या गटाचे सरासरी ७.५ दिवस कमी झाले, दुसऱ्याचे ६.९.

आता तिसऱ्या गटाचा, म्हणजे पोकळ गोळीचा आकडा ओळखा.

भडंगप्रेमी

शून्य.

अजिंक्यतारा

एखादा दिवस?

संख्यारेषा

५.१.

उंटावरचा

म्हणजे औषधाची खरी कमाई दोन-अडीच दिवस? आणि त्यासाठी एवढा गाजावाजा? मग पिठाच्या गोळ्याच विका ना राव.

वेखंड

मग आमच्या आजीच्या सुंठीला हसता कशाला?

संख्यारेषा

वेखंड, हसत नाही. पण त्या ५.१ मध्ये काय काय आहे ते बघा. "मनाला वाटलं म्हणून बरं झालं" हा त्यातला फक्त एक हिस्सा. दुसरा हिस्सा असा, की माणूस डॉक्टरकडे किंवा चाचणीत जातो कधी? अगदी असह्य झालं की. दुखण्याला भरती-ओहोटी असते. सगळ्यात वाईट महिन्यानंतरचा महिना काहीही न करता बहुधा जरा बरा जातो. त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. गोळी असेल तर गोळीला, लेप असेल तर लेपाला, नवस असेल तर गणपतीला. शिवाय चाचणीतल्या माणसाकडे लक्ष दिलं जातं, तो झोप-जेवण सांभाळतो, वही लिहितो.

हे सगळं तिन्ही गटांत सारखंच झालेलं असतं. म्हणून उरलेला फरक औषधाचा, असं म्हणता येतं. आजीच्या गल्लीत तिसरा गट नव्हता, एवढंच माझं म्हणणं.

आणि दोन-अडीच दिवस ही सरासरी आहे. काहींना काहीच फरक नाही, काहींना खूप. बद्धकोष्ठ औषधाच्या गटांत साधारण दहात एकाला झाला, पोकळ गोळीवर शंभरात तिघांना.

पानाआड

महिन्याचे अडीच दिवस कमी वाटतात त्याला अर्धशिशी नाही एवढं नक्की.

गोटीसोडा

+१०१

विट्याचा_पुण्यात

मी पुण्यात औषध चाचण्यांच्या समन्वयाचं काम करतो, गाव विटा. (अर्धशिशीची चाचणी अजून केलेली नाही.) पडद्यामागचं थोडं सांगतो.

अर्धशिशीच्या चाचणीत गोळी पहिल्या दिवशी देत नाहीत. आधी चार आठवडे नुसती वही. डोकं किती दिवस दुखलं, किती तास, उलटी, झटक्याची गोळी घेतली का. या चार आठवड्यांतच बरेच लोक गळतात. काहींचे दिवस पुरेसे भरत नाहीत, काही रोज लिहायचा कंटाळा करतात. आठवड्याचं एकदम आठवून लिहिलेलं चालत नाही, कारण आठवणीत वाईट दिवस मोठा होतो आणि बरा दिवस पुसला जातो. झटका आलाच तर नेहमीची गोळी घ्यायला मुभा असते, तळमळत ठेवत नाहीत.

आपल्याकडे कुणी "चाचणीत येता का" विचारलं तर घाबरूही नका आणि लगेच सहीही करू नका. ती चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर नोंदलेली आहे का ते बघा. २००७ पासून ही नोंदवही आहे, २००९ पासून नोंदणी सक्तीची, कुणालाही फुकट बघता येते. संमतीपत्र आपल्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा. मधेच बाहेर पडायचा हक्क असतो, कारण न सांगता. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते.

ताई, तुमची तर ही एका माणसाची घरगुती चाचणी आहे. पण तुम्ही गोळी सुरू करण्याआधीची वही लिहिली आहे का?

कृष्णाकाठ

आधीची नाही. पण मेडिकलची उधारी वहीत आहे! दुखण्याच्या गोळ्या कधी किती नेल्या ते सगळं तारखेनिशी. त्यावरून काही काढता येईल का?

विट्याचा_पुण्यात

हे लय भारी आहे. वापरा.

मिरज_जंक्शन

ती उधारी पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवाच. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि मिश्र गोळ्या (कॅफीनवाल्या वगैरे) किंवा ट्रिप्टान (झटका थांबवायच्या खास गोळ्या) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की त्या गोळ्याच डोकं दुखवायला लागतात. आपल्याकडे किराणा दुकानातही गोळी मिळते, त्यामुळे हे फार दिसतं. त्या कमी केल्यावर पहिले काही दिवस दुखणं वाढतं. तेवढे काढायचे.

भडंगप्रेमी

अवांतर: हळदीच्या वासाने डोकं दुखतं म्हणता, मग हरिपूरच्या पेवात (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात) उतरणाऱ्यांचं काय होत असेल?

कृष्णाकाठ

आता पेवं फारशी राहिली कुठे. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, तेव्हापासून बहुतेक माल गोदामात नाहीतर शीतगृहात. माझे सासरे सांगायचे, पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा कोंदट. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं.

उंटावरचा

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आता हिच्या डोकेदुखीलाही मिळायला हरकत नाही.

अजिंक्यतारा

धागा कंदी पेढ्यांवर जायच्या आत परत आणा कुणीतरी.

पानाआड

आणते. बोटॉक्स कुणी घेतलंय का? माझ्या नणंदेला सुचवलंय. कपाळ, कानशिलं, मान, खांदे मिळून ३१ जागी सुया, दर १२ आठवड्यांनी. ती म्हणते निदान सुरकुत्या तरी जातील.

मिरज_जंक्शन

ते क्रॉनिकसाठीच आहे, महिन्यातून चार-सहा दिवस दुखणाऱ्यांसाठी नाही. एकूण १५५ युनिट. रोजच्या गोळ्या दोन-तीन प्रकारच्या नीट घेऊन झाल्यावर सहसा विचार करतात. एका फेरीवर निकाल लावू नये.

कृष्णाकाठ

*(ऑगस्ट)*

धागा वर काढते. कुणी विचारायच्या आत सांगते, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी अजून पुराच्या इशारा पातळीच्या खाली आहे.

गोळी पूर्ण मात्रेवर येऊन दोन महिन्यांच्या वर झाले. कागद रोज भरला, रात्री गोळी घेतानाच. दुखणारे दिवस निम्म्याच्या आसपास आले आहेत. मेडिकलची उधारी तर इतकी उतरली की दुकानदाराने नवऱ्याला विचारलं, "वहिनी माहेरी गेल्यात का?" पहिले दहा-बारा दिवस मात्र नरक होता. दुखण्याची गोळी घ्यायची नाही आणि दुखतंय तर भयंकर.

मुंग्या आल्या. वजन उतरलं (जिलेबीचं तरी गेलं). शब्द अडकतात ते खरं, पण माझी पंचाईत शब्दांची नाही, आकड्यांची. पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या कागदाचा हिशेब लिहिताना तोलाई, हमाली, अडत या रकान्यांची बेरीज मी तोंडी करायची. आता मधेच हातचा विसरते. मालक काही बोलत नाहीत, पण परवा त्यांनी माझी पट्टी गुपचूप पुन्हा तपासलेली मी बघितली. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मात्रा थोडी उतरवली आहे. तरी जमलं नाही तर दुसरी देऊ म्हणाले, कँडेसार्टन की काहीतरी.

तर निकाल काय? लागू पडली असं म्हणू का?

अजिंक्यतारा

म्हणा की! निम्मं म्हणजे भरपूर झालं.

मिरज_जंक्शन

क्रॉनिकमध्ये ३० टक्के उतार पडला तरी आम्ही औषध चालू ठेवतो. तुमचा ५० च्या जवळ आहे. बेरजेचा त्रास मात्रा उतरवल्यावर बहुतेकांचा कमी होतो.

संख्यारेषा

मी जरा विरजण घालते, रागावू नका. एप्रिलपासून तुमच्या आयुष्यात तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. रोजची गोळी सुरू झाली. दुखण्याच्या गोळ्या सुटल्या. आणि हळदीचा हंगाम संपून पाऊस सुरू झाला, म्हणजे वास, धूळ आणि ऊन तिन्ही गेलं. यातल्या कशाने डोकं उतरलं हे तुमचा कागद सांगू शकत नाही.

उंटावरचा

आयला, हे बरोबर आहे.

गोटीसोडा

मला नाही पटत. बरं वाटतंय ना? मग कशाने ते शोधून काय करायचंय? उगाच जखमेवरची खपली काढायची.

संख्यारेषा

करायचंय असं, की ती या गोळीची किंमत रोज बेरजेत मोजतेय. नुसत्या दुखण्याच्या गोळ्या सोडल्यानेच डोकं उतरलं असेल, तर हातचा विसरण्याचं काही कारण नाही.

मिरज_जंक्शन

मुद्दा योग्य आहे. नुसतं गोळ्यांचं अतिसेवन थांबवून अनेकांचं दुखणं उतरतं हे खरंच. तरी आत्ता लगेच गोळी बंद करून प्रयोग करू नये, असं मी म्हणेन. साधारणपणे सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून बघतात.

कृष्णाकाठ

संख्याताई, रागावले नाही. गेल्या वर्षीच्या ऑगस्टची उधारी काढून बघितली. तेव्हाही पाऊसच होता, हळद नव्हती, आणि तरी गोळ्या उन्हाळ्यापेक्षा फारशा कमी नेलेल्या नाहीत. म्हणजे हंगामाचा हात आहे, पण सगळा नाही. उरल्या दोन गोष्टी, त्या मात्र मला सुट्या करता येत नाहीयेत. डॉक्टरांशी बोलणं झालंय. उतरवलेली मात्रा पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवायची, नवी हळद यार्डात आली की काय होतं ते कागदावर येईलच, आणि हंगाम संपल्यावर बंद करून बघायची. तोवर बेरजेला कॅल्क्युलेटर.

संख्यारेषा

गेल्या वर्षीचा ऑगस्ट काढलात! माझ्या वर्गात या.

वेखंड

यार्डात जाताना नाकाला ओला रुमाल बांधत जा. हा घरगुती उपाय नाही, साधी अक्कल आहे.

कृष्णाकाठ

हे मात्र ऐकते. :)

नवीन_सदस्या

पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, आम्ही इस्लामपूरला असतो. त्याला महिन्यातून पाच-सहा वेळा अर्धं डोकं दुखून उलट्या होतात. वरचं सगळं वाचून वाटलं, त्यालाही रोजची गोळी सुरू करावी का? टोपिरामेट मुलांना चालते का?

मिरज_जंक्शन

मुलांचं गणित वेगळं आहे. ८ ते १७ वयाच्या मुलांवर अॅमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट आणि पोकळ गोळी अशी तुलना झाली होती, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिन्ही गटांतली मुलं बऱ्यापैकी सुधारली आणि औषधं पोकळ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. चाचणी मधेच थांबवली. त्रास मात्र औषधांच्या गटांत जास्त झाला. म्हणून इथलं वाचून सुरू करू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सकाळी उठल्याउठल्या उलटी, चालताना तोल जाणं, दुखणं दिवसेंदिवस वाढत जाणं, यातलं काही असेल तर उद्याच दाखवा. नसेल तर जाण्याआधी महिनाभर वही लिहा. एक विचारतो, सकाळी शाळेत जाताना तो काही खाऊन जातो का? आणि झोपतो किती वाजता?

नवीन_सदस्या

शाळा सातला. खात नाही काही, डबा साडेनऊच्या सुट्टीत. झोपायला अकरा होतात, मोबाईल.

मिरज_जंक्शन

मग वहीत हे दोन रकाने वाढवा. खाल्लं किती वाजता, झोपला किती वाजता.

गोटीसोडा

आणि तिसरा रकाना मोबाईल काढून घेतल्यावर आईचं डोकं किती दुखलं.